महागूच्या वावरातला सागरी मार्ग

श्रुतिका गजभियेला एक खोड होती. पुस्तकात लिहिलेलं पोरांनी हातांनी करून पाहिलं पाहिजे, असं तिला वाटायचं. लोकशाहीच्या धड्याला तिने सहावीत खरोखरची निवडणूक घेतली, आणि निवडून आलेल्या सरकारने पहिल्याच बैठकीत गणिताचा तास बंद केला. पाण्याच्या धड्याला ती पोरांना हट्ट्याची जुनी, पायऱ्यांची बावडी दाखवायला घेऊन गेली. तिथल्या गारव्यात पोरं अशी रमली की परतीची बस निघून गेली, आणि सगळी वरात धानाच्या कोंड्याच्या ट्रकवर बसून गावात आली. तेव्हापासून मुख्याध्यापक बाबूलाल सरजी तिच्या हातात पुस्तक सोडून दुसरं काही दिसलं की आधी प्यायला पाणी मागवायचे.

शाळा मोहझरीची. लांजीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण हद्दीच्या बाहेर. पुस्तकं हिंदीतली, घरची बोली मराठी, आणि भांडणं दोन्हींत. श्रुतिका लांजीत खोली करून राहायची आणि रोज स्कूटीवर यायची. वडील मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर जमीन खोदली, आता पोरगी पोरांची डोकी खोदते, असं ते कौतुकाने सांगायचे.

दसरा झाला होता. सातवीत नव्या सागरी मार्गांचा धडा लागला.

"हे लोक घरदार सोडून जहाजात कशाला बसले असतील?" श्रुतिकाने विचारलं. "पुढे काय आहे ते माहीत नाही, जवळ धड नकाशा नाही. मग कशाला?"

कुशलने पुस्तकात बोट ठेवून वाचलं, "क्योंकि सुलतान ने पुराना रास्ता बंद कर दिया था."

"म्हंजे आपल्या महागू काकावानी," मागून राखी म्हणाली.

वर्ग हसत सुटला. श्रुतिकाही हसली. पण राखी हसत नव्हती हे दिसल्यावर तिचं हसू आपोआप आवरलं.

महागू बहेकारचं प्रकरण गावाला पाठ होतं. वरचा टोला, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, आणि शाळा यांच्या मधोमध महागूचं वावर आणि घर. त्याच्या रुंद धुऱ्यावरून टोल्यातली पोरं शाळेत यायची. धुरा म्हणजे धानाच्या दोन खाचरांमधला मातीचा बांध. त्यावरून चाललं की पोरं घंटा व्हायच्या आत वर्गात. उन्हाळ्यात पंचायतीची निवडणूक झाली, महागू पंचाच्या जागेला उभा राहिला आणि पडला. टोल्याने त्याला मतं दिली नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने धुऱ्याच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या रचल्या. तेव्हापासून पोरांना डांबरी सडकेने मोठा वळसा पडत होता, आणि त्या सडकेवरून रेतीचे टिप्पर असे धावत की बैलसुद्धा बाजूला उभे राहून वाट बघत. आठवड्यापूर्वी एका टिप्परने राखीच्या मैत्रिणीचं दप्तर उडवलं. दप्तर म्हणून निभावलं.

राखीची आई गीता शाळेत येऊन सांगून गेली होती. "दिवाळीपर्यंत पाठवतो मॅडमजी. मंग नाई. पोरीचा जीव मोठा का शाळा मोठी? तुमीच सांगा."

गीताच्या मागोमाग टोल्यातल्या बाकी आयांनीही तेच ठरवलं होतं. मुलांना सायकली होत्या, कसेबसे ते येतील. मुलींच्या सायकलींची चर्चा कोणत्याच घरी निघाली नव्हती. सातवीतल्या मुली सगळ्या टोल्यातल्याच, म्हणजे दिवाळीनंतर वर्गात एकही मुलगी उरणार नाही, हे तिला दिसत होतं आणि रात्री जेवण गोड लागत नव्हतं.

ती महागूकडे गेली नव्हती असं नाही. गेली होती. महागूने खाटेवर बसवून चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि सांगितलं, "टोल्यानं मले मत नाई देल्लं. मी टोल्याले रस्ता नाई देत. हिसाब बराबर."

"पण काका, पोरांना कुठे मत असतं?"

"मंग मोठे होऊन देऊ द्या. तवा पाहू."

आतून त्याची बायको मैनाबाई म्हणाली, "घ्या. आता हे दहा वर्सं वाट पाहतेत." त्यावर महागूने कप खाली ठेवला आणि बोलणं संपलं.

तर वर्गात राखी जे बोलली, ते श्रुतिकाच्या डोक्यात बसलं. सुलतान रस्ता बंद करतो. मग लोक काय करतात? दुसरा शोधतात. धडा तर समोर तयार होता, फक्त चालायचं होतं. वावराच्या खालच्या अंगाने नाला वाहतो, त्याचा काठ सरकारी. तिथून टोल्यापर्यंत पायवाट निघते का, हे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. तिने जाहीर केलं, सातवीचा वर्ग नव्या मार्गाच्या शोधात निघणार.

तयारीला दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत सातवीत कोणी गैरहजर राहिलं नाही. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक काढून त्यावर सुया घासल्या, आणि वाटीतल्या पाण्यात पानावर तरंगत ठेवल्या. सुई उत्तरेकडे वळली तेव्हा कुशलने वाटी चार वेळा फिरवून पाहिली, सुई ऐकेना, तेव्हा त्याचा विज्ञानावर विश्वास बसला. वाटेत खुणा करायला बांबूच्या काड्यांना लाल-पिवळ्या कापडाचे झेंडे लावले. खेळांच्या मैदानाचा उरलेला चुना होता, तो घेतला. दुर्बिणीसाठी प्लास्टिकचा नळ कापला. ती हातात हलते म्हणून तिला बांबूचे तीन पाय केले आणि नळ वर सुतळीने बांधला. राखी कप्तान झाली. कप्तान उठून दिसला पाहिजे म्हणून श्रुतिकाने वडिलांचं खाणीतलं पिवळं हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट आणून तिला घातलं.

"आणि राजाची परवानगी?" कुशलने विचारलं. "किताब में तो राजा की परवानगी से जाते हैं."

पोर्तुगालच्या राजाचं काम बाबूलाल सरजींकडे आलं. ते नको नको म्हणत होते. "मॅडम, इस में मेरा क्या काम? मैं तो गणितवाला आदमी." पण मुली अर्ज घेऊन रांगेत उभ्या राहिल्यावर त्यांना विरघळायला वेळ लागला नाही. कोऱ्या कागदावर त्यांनी सुरेख हिंदीत लिहून दिलं की नवीन मार्ग शोधण्यासाठी या दलास अनुमती देण्यात येत आहे. खाली सही केली. आणि सवयीने, बिचाऱ्याचा हात नुसता सवयीने गेला, शाळेचा गोल शिक्काही मारून टाकला.

मोहीम निघाली. नाल्याच्या काठाने झेंडे रोवत, चुन्याच्या रेघा ओढत, थांबून वाटीतल्या सुईकडे बघत पोरं पुढे सरकत होती. श्रुतिकाने सांगितलं होतं, जे सापडेल त्याला नाव द्यायचं. त्यामुळे म्हशी डुंबत होत्या त्या डोहाला म्हशीचा उपसागर म्हटलं गेलं, आणि नाल्याच्या वळणावर दोघीजणी घसरून पडल्या तिथे आपटीचं भूशीर झालं. कप्तान राखी दर थोड्या वेळाने तिपाई उभी करी, एक डोळा मिटून नळातून बघे आणि हात वर करून ओरडे, "आगे बढो!"

आता हे सगळं धानातून वर मान काढून बघणाऱ्या माणसाला कसं दिसेल, याचा श्रुतिकाने विचार करायला हवा होता. तिने केला नाही. पिवळं हेल्मेट, नारिंगी जाकीट, तीन पायांचं यंत्र, लाल झेंडे आणि चुन्याची रेघ. खाणींच्या या मुलखात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सर्वे आला.

महागू बहेकार वावरातून बघत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. धुऱ्यापर्यंत येऊन त्याने कुशलला हाक मारली.

"काय करून राह्यले बे?"

"रस्ता शोधून राह्यलो जी. नवीन रस्ता."

"कुठून कुठं?"

"टोल्यापासून शाळेलोक."

"इकडून? नाल्यानं?" महागूच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कोनाच्या हुकमानं?"

कुशल अभ्यासू मुलगा. त्याने खिशातून राजाचा कागद काढून दाखवला. महागूने तो दोन्ही हातांनी धरला, सावकाश वाचला, आणि गोल शिक्क्यावर अंगठा फिरवून पाहिला. मग परत दिला.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली. टोल्याचा रस्ता मंजूर झाला. नाल्याकाठाने जाणार. काही म्हणाले डांबरी, काही म्हणाले सिमेंटचा. चहाच्या टपरीवर तर त्याची रुंदीसुद्धा ठरली. नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीचे मालक, ज्यांना आपली जमीन कुठे आहे हे नीट आठवतही नव्हतं, ते आता भाव येणार म्हणून सकाळी नवा सदरा घालून झेंड्यांच्या आसपास फिरायला लागले.

श्रुतिकाला हे दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात कळलं. तिथे महागू उभा होता. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर पंचा, हातात भलामोठा कोहळा.

"मॅडमबाई," त्याने कोहळा तिच्या स्कूटीच्या पायापाशी ठेवला, "तुमी घरी आलत्या, मी जरा वाकडा बोललो. मनात ठेवू नका. पण रस्ता नाल्यानं काहून नेऊन राह्यले? पावसाळ्यात तिथं पानी रायते. माह्या वावरातून न्या ना."

श्रुतिकाला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिला हसूही आलं आणि धडकीही भरली.

"काका, रस्ता वगैरे काही नाही हो. तो पोरांचा धडा आहे. इतिहासाचा. दर्यावर्दी लोक कसे निघाले ते पोरं करून बघत होती."

महागूच्या चेहऱ्यावर हळूहळू समजूतदार हसू पसरलं. त्याने एक डोळा बारीक केला.

"हौ हौ. धडा. वरून सांगतलं असन, बोलू नका म्हून. बरोबरच हाये."

"अहो, खरंच धडा आहे!"

"खानीचा सर्वे झाला तवाबी सायेब असेच म्हनत होते. काई नाई, काई नाई, नुसतं पाहून राह्यलो. दोन वर्सांनी डोंगर गायब." त्याने हात जोडले. "तुमी काईच बोलू नका. मी समजलो."

यावर श्रुतिकाने काय करावं? तिने शपथ घेतली, महागूने मान डोलावली. तिने पुस्तक उघडून धडा दाखवला, त्याने जहाजाचं चित्र कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, सरकार काय काय डोकं लावते पाहा. ती जितकं नाकारत होती, तितका त्याचा विश्वास घट्ट होत होता. शेवटी ती थकून वर्गात गेली. कोहळा बाबूलाल सरजींनी मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकात पोचवला.

पुढचे दिवस मोहझरी विसरणार नाही. महागूने आपल्या हातांनी काट्या उपसल्या. कडेची धानाची ओळ पिकायला आली होती, ती कापून धुरा रुंद केला. घराच्या अंगणात टाकायला आणलेला मुरूम ट्रॉलीने आणून धुऱ्यावर पसरला. जिथे वहिवाटीचा रस्ता आधीपासून आहे तिथूनच सरकार पक्का रस्ता काढते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आणि वहिवाट म्हटली की वाटेवर माणसं चालली पाहिजेत, पाय उमटले पाहिजेत. त्याच्या वावरातून तर कोणी चालत नव्हतं. कसं चालणार? त्यानेच बंद केलं होतं.

तेव्हा महागू बहेकार सकाळी टोल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"ए पोट्ट्याहो, इकडून या! काहून सडकेनं जाता? मरायचं हाये का?"

पोरं घाबरून दूर थांबली. काट्या लावणारा माणूस हाक मारतोय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार. राखीने पुढे होऊन विचारलं, "मारनार नाई न जी?"

"काहून मारीन? चाला. आनि जरा पाय आपटत चाला."

पोरांना पाय आपटत चाला म्हणून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ती पहिल्या दिवशी अशी आपटत गेली की मुरूम बसला. दुसऱ्या दिवशी सायकली आल्या, तिसऱ्या दिवशी टोल्यातल्या बायासुद्धा डोक्यावर गवताचे भारे घेऊन तिकडून यायला लागल्या. महागू धुऱ्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांवर देखरेख करी, आणि एखादा पोरगा दिसला नाही तर राखीला विचारी, "तो बारका काहून नाई आला आज? तब्येत बरी हाये न?"

येणारं जाणारं प्रत्येक पोर त्याला नमस्ते घालत होतं. सातवीची पोरं तर "नमस्ते सुलतानजी" म्हणत. हे नाव कुठून आलं याची त्याने चौकशी केली नाही. त्याला ते आवडलेलं दिसत होतं. मिशीला पीळ द्यायला त्याने त्याच आठवड्यात सुरुवात केली.

मैनाबाईने श्रुतिकाला एकदा धुऱ्यावर गाठलं. हातात पाण्याची कळशी होती, पोरांसाठी आणलेली.

"मॅडमजी, एक इचारू? रस्ता खरंच हाये का?"

श्रुतिकाने मान हलवली. "नाही मैनाकाकू. मी काकांना पहिल्या दिवसापासून सांगतेय."

मैनाबाईने कळशी खाली ठेवली. हिला खरं आधीच कळलं होतं, हे श्रुतिकाला तिच्या डोळ्यांत दिसलं. "मले वाटतच होतं," मैनाबाई म्हणाली. "पन तुमी आता नका सांगू. काट्या लावल्यापासून आमच्या घरासमोरून कुत्रं नाई गेलं जी. दिवसभर आमी दोघं एकमेकाचं तोंड पाहत बसत होतो. आता सकाळी उठून हे दाढी करतेत."

पण गोष्ट लपून किती राहणार? महागूने स्वतःच ती उघडी पाडली. दिवाळी जवळ आली, साहेब काही येईनात, म्हणून तो लांजीला गेला आणि सरकारी कचेरीत जाऊन विचारलं, आमच्या रस्त्याचं काम कधी सुरू होतं? तिथल्या बाबूने कागद पाहिले, पुन्हा पाहिले, मग कुठल्या रस्त्याबद्दल बोलताय म्हणून विचारलं. महागूने यंत्राचं, हेल्मेटचं, शिक्क्याच्या कागदाचं सगळं सांगितलं. कागदावर कोणाची सही होती? बाबूलाल सरजींची. कचेरीतली माणसं एकमेकांकडे पाहून जी हसायला लागली, ती महागू जिना उतरेपर्यंत हसत होती. तो गावात पोचायच्या आधी ते हसू टपरीवर पोचलं होतं. यंत्र म्हणजे प्लास्टिकचा नळ होता, हे तिथे एकाने करूनसुद्धा दाखवलं.

श्रुतिका सातवीच्या वर्गात होती तेव्हा बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून ट्रॉली दिसली. ट्रॉलीत बाभळीच्या काट्या होत्या, ताज्या तोडलेल्या. समोर पहिल्या बाकावर राखी बसली होती, मुलींची सगळी ओळ बसली होती. गीता कालच येऊन गेली होती, आता रस्ता झाला, मग दिवाळीनंतरही पाठवतो म्हणून.

महागू सरळ वर्गात शिरला. मागून बाबूलाल सरजी आले, पण दाराच्या आत आले नाहीत.

"मले गावात तोंड दाखवायची सोय नाई ठेवली तुमी," महागू म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटत होता. "लांजीपरेंत लोक हसून राह्यले."

"काका, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हौ, सांगतलं होतं!" आता तो ओरडला. "पन असं सांगतेत का कोनी? खरं असल्यावानी?"

श्रुतिकाला त्याचं वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. आणि त्याच मनात ट्रॉलीतल्या काट्याही टोचत होत्या.

महागू वळला तर समोर भिंतीवर नकाशा होता. सातवीने मोहिमेनंतर काढलेला, चार कागद चिकटवून केलेला. निळा नाला, म्हशीचा उपसागर, आपटीचं भूशीर, झेंड्यांची रांग. मधोमध हिरवा मोठा चौकोन होता आणि त्याच्यात काळ्या मार्करने जाड अक्षरं. महागू जवळ गेला. त्याचं वावर त्याला नकाशातही ओळखू आलं.

"काय लिवलं हाये इथं?" त्याला वाचता येत होतं. तरी त्याने राखीकडे बघून विचारलं. "वाच."

राखी उभी राहिली. तिने श्रुतिकाकडे पाहिलं, श्रुतिकाने हळूच मान हलवली. खोटं कशाला शिकवायचं?

"सुलतान महागू का राज्य," राखीने वाचलं. "रास्ता बंद है."

बाबूलाल सरजींनी बाहेर कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

"म्हंजे सुलतान म्हंता ते हे," महागू म्हणाला.

"हौ जी."

"काय केलतं त्या सुलतानानं?"

"रस्ता बंद केलता. लोक त्याच्या मुलखातून येत-जात होते, सामान नेत होते. त्यानं बंद केलं. मंग लोक जहाजात बसून समुद्रानं गेले. दुसरा रस्ता भेटला त्याईले."

"आनि सुलतान? त्याचं काय झालं?"

राखीने पुस्तक उघडलं. पान उलटलं, मग पुढचं उलटलं. तिला खरंच शोधायचं होतं. बाकीच्या पोरांनीही आपापली पुस्तकं काढली आणि थोडा वेळ वर्गात नुसता पानांचा आवाज होत राहिला.

"पुस्तकात नाई जी," ती शेवटी म्हणाली. "लोक दुसरीकडून जायला लागले, मंग त्याचं नावच नाई येत. पुढं सगळं जहाजवाल्यांचंच हाये."

महागू नकाशाकडे बघत उभा राहिला. मिशीकडे हात गेला आणि तसाच खाली आला. मग तो बाहेर पडला. ट्रॅक्टर सुरू झाला, आणि ट्रॉली त्याच्या वावराच्या दिशेने गेली.

त्या दिवशी श्रुतिकाने पुढे काय शिकवलं ते तिला आठवत नाही. शाळा सुटल्यावर पोरं सडकेने गेली, कारण धुऱ्याकडे जायची कोणाची हिंमत झाली नाही. लांजीला जाऊन तिने एकटीने हिशेब मांडून पाहिला. धडा शिकवला, रस्ता मिळाला, माणूस दुखावला, रस्ता गेला. बाबूलाल सरजी म्हणायचे तेच बरोबर होतं, पुस्तक वाचून दाखवायचं आणि घरी जायचं. तिने नाल्याकाठच्या वाटेचा पुन्हा विचार केला. मोहीम तिथून टोल्यापर्यंत पोचली होती, पण पावसाळ्यात तिथे पाणी राहतं, हे महागूचं म्हणणं खरंच होतं.

सकाळी ती लवकर निघाली. स्कूटी शाळेकडे न नेता धुऱ्याच्या तोंडाशी थांबवली. महागू तिच्याआधी तिथे होता. हातात कुऱ्हाड, पायाशी काट्यांचा ढीग. ट्रॉली अर्धी रिकामी झाली होती.

श्रुतिका खाली उतरली. बोलायचं काय ते तिने येताना ठरवलं होतं. माफी मागायची, हात जोडायचे, गरज पडली तर रडायचंही. मग तिला दिसलं की धुऱ्याचं तोंड मोकळं आहे. काट्या होत्या, पण दोन्ही कडांनी. मुरमाच्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला त्या नीट टेकवत महागू पुढे सरकत होता, आणि मधली वाट टोल्यापर्यंत सरळ उघडी होती.

"धानात घुसतेत पोट्टे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हून लावून राह्यलो. दुसरं काई नाई."

"हो काका."

"रस्ता सरकारचा नाई. माह्यावाला हाये. सांगून ठेवतो."

"हो काका."

टोल्याकडून पोरं येताना दिसली. धुऱ्याच्या पलीकडच्या तोंडाशी ती थबकली होती. पुढे राखी होती. जाकीट तिने परत केलं होतं, पण हेल्मेट अजून दिलं नव्हतं आणि ते डोक्यावर होतं. महागूने कमरेवर हात ठेवून जोरात हाक मारली, "या ना वो! काहून उभे राह्यले? घंटा होऊन राह्यली तिकडं!"

पोरं पळत सुटली. कोणीतरी नेहमीसारखं नमस्ते सुलतानजी म्हणायला गेलं आणि अर्ध्यात जीभ चावली. महागूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, एक काटी उचलली, आणि मग ती हातातच धरून श्रुतिकाकडे वळला.

"मॅडमबाई, त्या नकाशात बंद लिवलं हाये. ते पेन्सिलचं हाये का?"

"नाही काका. मार्करचं आहे. खोडता येत नाही."

महागूने तिच्याकडे असं पाहिलं की आता या शिकलेल्या बाईला काय म्हणावं.

"मंग नवा काढा की. मी अख्खा रस्ता नवा काढला, तुमाले एक कागद काढता येत नाई?"